परदेशातला रस्ता आणि अंगावरचे सोने

रस्त्यावर पर्यटकाच्या अंगावरचा दागिना तीन रीतींनी जातो. पहिल्या रीतीत तो हातचलाखीने, मालकाच्या नकळत काढला जातो. दुसरीत गळ्याला हिसका देऊन तो ओढला जातो आणि चोर पळून जातो. तिसरीत मारहाण करून किंवा शस्त्राचा धाक दाखवून तो उतरवून घेतला जातो. कायदाही या तिन्हींत फरक करतो. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ने वस्तू हिसकावून नेणे हा देशपातळीवर प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरवला. इटलीच्या दंडसंहितेत हिसका मारून केलेल्या चोरीसाठी वेगळे कलम आहे. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यानुसार चोरी करताना बळ वापरले किंवा त्याची भीती घातली की ती जबरी चोरी होते. पर्यटकासाठी या फरकाचा अर्थ सरळ आहे. पहिल्या रीतीत केवळ वस्तू जाते, दुसरीत मानेला आणि हाताला इजा होते, तिसरीत जिवावर बेतू शकते. म्हणून दागिना कसा वाचवायचा यापेक्षा दागिन्यापायी माणसाला इजा कशी होऊ द्यायची नाही, हा प्रश्न मोठा आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग प्रवासाची बॅग भरताना, घरीच ठरतो.

पर्यटकच का, आणि सोनेच का

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये गुन्ह्याची एक साधी मांडणी केली. चोरी करू पाहणारा माणूस, चोरीजोगे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळल्या की गुन्हा घडतो. पर्यटनस्थळी हे तिन्ही सहज जुळते. पर्यटकाची नजर इमारतीवर, नकाशावर किंवा फोनच्या पडद्यावर असते. त्याला रस्ते ठाऊक नसतात, भाषा येत नसते, ओळखीचे कोणी जवळ नसते. तो दोन दिवसांत गाव सोडणार आणि खटल्यात साक्ष द्यायला परतणार नाही, हेही चोराला माहीत असते.

गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये चोरांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तूंचे गुण नोंदवले. वस्तू लपवता यावी, पटकन काढून नेता यावी, सहज सापडावी, मोलाची असावी, हवीशी वाटावी आणि चटकन विकता यावी. सोन्याच्या दागिन्यात हे सगळे गुण आहेत. महागड्या घड्याळाला क्रमांक असतो, फोन दूरवरून बंद करता येतो, पण सोने वितळले की त्याची ओळखच पुसली जाते. त्यात भावही चढत गेला. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याने पहिल्यांदा औंसामागे २,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, मार्च २०२५ मध्ये ३,००० आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४,००० डॉलरचा.

भारतीय दागिन्याची आणखी एक बाजू आहे. ब्रिटनमध्ये ९ कॅरेटचे दागिने सर्रास वापरले जातात, जर्मनी-अमेरिकेत १४ आणि इटली-फ्रान्समध्ये १८ कॅरेटचे. आपल्याकडे मात्र २२ कॅरेटचा आग्रह असतो. वीस ग्रॅमच्या ९ कॅरेट साखळीत साडेसात ग्रॅम शुद्ध सोने असते, तर तितक्याच वजनाच्या २२ कॅरेट साखळीत अठरा ग्रॅमहून अधिक. हे गणित चोरांना नेमके कळते. बावीस कॅरेटचे सोने मऊ असल्याने नाजूक साखळी हिसक्यासरशी तुटते. जाडजूड गोफ किंवा भरीव गंठण मात्र लवकर तुटत नाही, माणूस त्यासोबत ओढला जातो आणि गळ्याला जखम होते.

ठिकाणे आणि त्यांची रीत

प्रत्येक शहराची चोरीची रीत वेगळी आहे. पॅरिसमध्ये हातचलाखीचा सुळसुळाट आहे. खिसेकापूंच्या टोळ्यांचा जाच असह्य झाल्याने १० एप्रिल २०१३ रोजी लूव्ह्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि संग्रहालय दिवसभर बंद राहिले. २२ मे २०१५ रोजी याच कारणासाठी आयफेल टॉवरचे कर्मचारी संपावर गेले आणि मनोरा काही तास बंद राहिला. चार्ल्स द गॉल विमानतळावरून शहरात येणारी आरईआर-बी रेल्वे, गार द्यू नोर स्थानक आणि साक्रे-केर चर्चच्या पायऱ्या या तिथल्या नेहमीच्या जोखमीच्या जागा आहेत.

रोममध्ये तेर्मिनी स्थानकातून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस आणि मेट्रोची ए मार्गिका पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे. नेपल्सची ओळख स्कूटरवरून हिसका मारणाऱ्यांमुळे झाली. पुढचा स्कूटर चालवतो आणि मागचा हात घालतो. महाराष्ट्रातल्या शहरांत सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातली सोनसाखळी ओढणाऱ्या दुचाकीस्वारांची हीच पद्धत असते. बार्सिलोनात ला रांबला हा रस्ता आणि मेट्रोची स्थानके गजबजलेली असतात. तिथे खिसेकापूंच्या जोडीला महागड्या घड्याळांवर नजर ठेवणाऱ्या टोळ्या आहेत.

रिओ द जानेरोत कोपाकबाना आणि इपानेमा किनाऱ्यांवर कधी कधी मुलांचा मोठा जथा एकदम धावत येतो आणि वाटेत दिसेल त्याच्या साखळ्या, फोन, पिशव्या ओरबाडत जातो. हो ची मिन्ह शहरात मोटारसायकलवरून खांद्याची पर्स आणि हातातला फोन ओढला जातो. पट्टायाच्या बीच रोडवर रात्री उशिरा अनोळखी व्यक्ती लगट करत गळ्यात पडते आणि तेवढ्यात साखळीची कडी उघडते. तिथे भारतीय पुरुषांच्या गळ्यातल्या जाड चेन विशेष लक्ष्य होतात. जपान आणि सिंगापूर यांसारख्या देशांत अशी चोरी विरळ आहे, तरी गर्दीत निष्काळजी राहण्याइतके निर्धोक शहर जगात नाही.

भारतीय सोन्याच्या मागावरचे चोर

काही देशांत भारतीय पेहराव हीच चोरांसाठी खूण झाली आहे. बीबीसीने २०१९ मध्ये ब्रिटिश पोलिसांकडून माहिती मागवली, तेव्हा आधीच्या पाच वर्षांत दक्षिण आशियाई कुटुंबांचे सुमारे १४ कोटी पौंडांचे सोने चोरीला गेल्याचे दिसले. यात घरफोड्याही होत्या आणि रस्त्यावरच्या चोऱ्याही. दिवाळी आणि लग्नसराईच्या सुमारास तिथले पोलीस या समाजाला दरवर्षी खबरदारीच्या सूचना देतात.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत २०२२च्या उन्हाळ्यात साडी किंवा अन्य पारंपरिक वेशातल्या, बहुतेक ज्येष्ठ अशा किमान चौदा हिंदू स्त्रियांचे दागिने हिसकावले गेले आणि काहींना मारहाण झाली. सरकारी वकिलांनी आरोपीवर जबरी चोरीबरोबर द्वेषमूलक गुन्ह्याचे कलमही लावले. पर्यटक व्हिसावर मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांसाठी हे प्रकरण दूरचे नाही. गळ्यात मंगळसूत्र, हातात पाटल्या-बांगड्या अशा वेशात शांत वसाहतीतून सकाळ-संध्याकाळ चालायला जाणे हा त्यांचा रोजचा क्रम असतो. रस्ते मोकळे असतात, घरे दूर दूर असतात आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नसते.

अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये याच वयोगटासाठी एक वेगळी क्लृप्ती वापरली जाते. मोटार शेजारी येऊन थांबते. आत एक पुरुष, एक बाई आणि बहुधा एखादे लहान मूल असते. बाई पत्ता विचारते किंवा कोणाच्या आजारपणाची हकिगत सांगते. मग ती कृतज्ञता म्हणून आजींच्या गळ्यात माळ किंवा बोटात अंगठी घालते, मिठी मारते, पाया पडते. गाडी निघून गेल्यावर कळते की नवी माळ पितळेची आहे आणि तिच्याखालची सोन्याची साखळी गेली आहे.

चोरांच्या क्लृप्त्या

हातचलाखीच्या सगळ्या प्रकारांमागे एकच तत्त्व असते. माणसाचे लक्ष एकीकडे ओढायचे आणि हात दुसरीकडे चालवायचा. पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी एकजण पर्यटकाच्या मनगटाभोवती दोरा बांधू लागतो. हात अडकला की पैशांची मागणी होते आणि साथीदार खिसा चाचपतो. सेन नदीकाठी कोणीतरी जमिनीवरून सोन्याची अंगठी उचलल्याचे नाटक करते आणि ती देऊ करून पैसे मागते. अंगठी पितळेची असते. मुलींचा घोळका मूकबधिरांसाठीच्या अर्जावर सही मागतो आणि कागदाच्या आडून पर्समध्ये हात जातो. कपड्यांवर सॉस किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही उडवायचे आणि ते पुसायला पुढे यायचे, हा प्रकार दक्षिण युरोप आणि दक्षिण अमेरिकेत जुना आहे. मेट्रोत दरवाजा बंद होण्याच्या क्षणी वस्तू ओढून फलाटावर उडी मारली जाते आणि गाडी पर्यटकाला घेऊन निघून जाते.

तोतया पोलिसांचा प्रकार मराठी वाचकांना परिचित आहे. पुढे खून झाला आहे, तपासणी चालू आहे, दागिने काढून कागदात गुंडाळा, अशी बतावणी करून म्हाताऱ्या माणसांचे दागिने लांबवल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार छापून येतात. युरोपात हीच बतावणी बनावट नोटांच्या नावाखाली होते. साध्या वेशातला माणूस ओळखपत्र चमकवतो आणि तपासणीसाठी पाकीट मागतो. खरा पोलीस रस्त्यात उभे करून नोटा मोजत नाही आणि दागिने उतरवायला सांगत नाही. अशा वेळी पोलीस ठाण्यात चालत जाण्याची तयारी दाखवणे हे पुरेसे उत्तर आहे.

हॉटेलही सुटलेले नाही. सहलीच्या गटाचे सामान सकाळी लॉबीत एकत्र ठेवलेले असते आणि न्याहारीच्या टेबलावर जागा धरण्यासाठी पर्स खुर्चीला अडकवली जाते. प्रवासी गप्पांत असतात आणि चांगल्या कपड्यांतला चोर पाहुण्यासारखा आत येऊन पिशवी उचलून जातो.

समाजमाध्यमांनी चोरांचे काम सोपे केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसमधल्या निवासात किम कार्दाशियन या अमेरिकी तारकेला बांधून घालून सुमारे एक कोटी डॉलरचे दागिने लुटले गेले. तिने दागिन्यांची छायाचित्रे इंटरनेटवर टाकलेली होती आणि तिच्या ठावठिकाण्याचीही चर्चा होती. २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण बहुतेक दागिने परत मिळाले नाहीत. सामान्य प्रवाशाचा दागिना लहान असला तरी धडा तोच आहे. आज कुठे आहोत आणि अंगावर काय आहे, हे जगाला त्याच दिवशी सांगू नये.

चोरीचे सोने आणि कायद्याची मर्यादा

हिसकावलेला दागिना चोराच्या हातात फार वेळ राहत नाही. तो मध्यस्थाकडे आणि तिथून मोड घेणाऱ्या दुकानात किंवा मुशीत जातो. ही साखळी तोडण्यासाठी काही देशांनी नियम कडक केले. इटलीने २०१७ मध्ये सोने विकत घेणाऱ्या दुकानांची नोंदणी सक्तीची केली आणि रोखीच्या व्यवहारावर ५०० युरोंची मर्यादा घातली. विकत घेतलेला जिन्नस तिथे दहा दिवस जसाच्या तसा ठेवावा लागतो, म्हणजे तक्रार आली तर तो सापडू शकतो. म्हणूनच तक्रार पहिल्याच दिवशी होणे मोलाचे आहे.

शिक्षेच्या बाबतीत मात्र पर्यटकाची निराशा होते. स्पेनमध्ये ४०० युरोंपेक्षा कमी किमतीची साधी चोरी किरकोळ गुन्हा मानली जाते आणि बहुधा दंडावर भागते. वारंवार तेच करणाऱ्यांवर कठोर कारवाई करता यावी म्हणून २०२२ मध्ये तिथे कायद्यात बदल झाला. इटलीत २०२२ अखेरीस लागू झालेल्या सुधारणेनंतर पाकीटमारीसारख्या अनेक चोऱ्यांत फिर्यादीने स्वतः तक्रार केल्याशिवाय खटला चालत नाही. विमान चुकेल म्हणून तक्रार न करता निघून जाणारा पर्यटक त्यामुळे नकळत चोराची सुटका करतो.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मोलाचे सोने सोबत न नेणे. लग्नकार्यासाठी जायचे असेल तरच ते न्यावे. सहलीसाठी ते लागत नाही. मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक आहे. अनेक स्त्रिया ते गळ्यातून काढत नाहीत आणि या भावनेचा मान राखला पाहिजे. त्यावर उपाय आहेत. काळ्या मण्यांची आखूड पोत कॉलरखाली किंवा स्कार्फखाली घालता येते. एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेले मंगळसूत्र बाजारात सहज मिळते. मात्र चोराला दुरून मुलामा आणि सोने यांतला फरक कळत नाही, म्हणून तेही झाकलेलेच ठेवावे. पुरुषांनी गोफ, कडे आणि अंगठ्या घरी ठेवाव्यात.

घरी म्हणजे बंद घराच्या कपाटात नव्हे. पंधरा दिवस कुलूप लागलेले घर हे घरफोडीला आमंत्रण असते. बँकेचे लॉकर हा बरा पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. ऐवज त्याहून मोठा असेल तर वेगळा विमा हवा.

दागिने न्यावेच लागले तर प्रत्येकाचे छायाचित्र, वजन आणि पावती जपून ठेवावी. भारतात हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो. तोही टिपून ठेवावा. निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षात दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेतले, म्हणजे परतताना ते परदेशात विकत घेतल्याचा संशय येत नाही. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद लागतो आणि वेळही हाताशी ठेवावा लागतो. दागिने चेक-इन सामानात कधीही टाकू नयेत. हवाई वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारानुसार सामान हरवल्यास विमान कंपनीची जबाबदारी डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत बहुधा नाकारतात.

प्रवास विम्याबद्दल गैरसमज मोठा आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसी वैद्यकीय खर्च, पासपोर्ट हरवणे आणि सामानाचा उशीर यांसाठी असतात. दागिने आणि रोकड त्यातून वगळलेली असते. घराच्या विम्यात दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घेता येते, पण ते देशाबाहेर लागू आहे का, हे पॉलिसीच्या कागदात पाहूनच निघावे.

रस्त्यावरचे वागणे

पासपोर्ट, कार्ड आणि रोकड एकाच पिशवीत ठेवू नये. दिवसाला लागतील तेवढे पैसे वरच्या पाकिटात आणि बाकीचे कपड्यांखालच्या पट्ट्यात ठेवावेत. एक कार्ड हॉटेलात राहू द्यावे. खोलीतल्या तिजोरीपेक्षा हॉटेलच्या मुख्य तिजोरीत पावती घेऊन ठेवलेली वस्तू अधिक सुरक्षित असते.

पिशवीबाबत शहरानुसार वागावे. गर्दीत खिसेकापूंपासून वाचायला पिशवीचा पट्टा खांद्यावरून आडवा घेऊन ती पोटावर धरणे योग्य. दुचाकीवरून हिसका मारणाऱ्यांच्या शहरात मात्र आडवा पट्टा माणसाला फरफटत नेऊ शकतो. तिथे पदपथाच्या आतल्या बाजूने, भिंतीकडे पिशवी ठेवून, समोरून वाहने येतील अशा दिशेने चालावे. नकाशा पाहायचा तर दुकानात शिरून पाहावा. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहू नये.

अनोळखी माणसाने अंगाला हात लावला, दोरा बांधू लागला किंवा डाग दाखवला, तर थांबू नये. सौजन्यापोटी आपली माणसे थांबतात आणि चोर तेवढ्याच क्षणाची वाट पाहत असतो. मोठ्या आवाजात नकार देऊन चालत राहणे यात उद्धटपणा नाही.

मुलांकडे गेलेल्या आईवडिलांसाठी काही गोष्टी घरातल्यांनी आधीच ठरवून द्याव्यात. एकट्याने लांब फिरू नये. गाडी थांबवून कोणी बोलावले तर जवळ जाऊ नये. कोणाकडून माळ, अंगठी, आशीर्वाद काहीही घेऊ नये. घरचा पत्ता आणि मुलांचा क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात असावे आणि आपत्कालीन क्रमांक कसा लावायचा, हे एकदा करून दाखवावे.

दागिना हिसकावला जात असेल तर तो सोडून द्यावा. ही सूचना कितीही कठोर वाटली तरी तिला पर्याय नाही. झटापटीत माणूस जमिनीवर आपटतो, डोक्याला मार लागतो, चाकू निघतो. चोराचा पाठलागही करू नये, कारण साथीदार जवळच असतात.

चोरी झाल्यानंतर

पहिले काम म्हणजे सुरक्षित, वर्दळीच्या जागी जाणे आणि दुखापत तपासणे. गळ्याला किंवा डोक्याला मार असेल तर वेदना नसली तरी डॉक्टरांना दाखवावे. युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ००० हे आपत्कालीन क्रमांक आहेत. थायलंडमध्ये ११५५ वर पर्यटक पोलीस मिळतात. माद्रिदमध्ये परदेशी पर्यटकांच्या तक्रारींसाठी पोलिसांचे वेगळे मदत केंद्र आहे.

पोलीस तक्रार त्याच दिवशी करावी आणि शिक्का असलेली प्रत घ्यावी. विमा कंपन्या बहुधा चोवीस तासांतला अहवाल मागतात आणि नव्या पासपोर्टसाठीही तो लागतो. तक्रारीत जागा, वेळ, चोराचे वर्णन, वाहन आणि प्रत्येक वस्तूचा तपशील असावा. आधी काढून ठेवलेली छायाचित्रे आणि पावत्या इथे कामी येतात.

फोन गेला असेल तर प्रथम बँकेला कळवून कार्डे बंद करावीत आणि सिम बंद करायला लावावे, कारण भारतीय क्रमांकावर येणारा ओटीपी चोराच्या हाती पडू शकतो. पासपोर्ट गेला असेल तर जवळच्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात पोलीस अहवालासह जावे. तिथे नवा पासपोर्ट मिळतो, किंवा घाई असेल तर केवळ भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. चोरीची नोंद झालेला पासपोर्ट रद्द होतो आणि नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. दूतावास कागदपत्रे, नातेवाइकांशी संपर्क आणि वकील-दुभाष्यांची माहिती देऊ शकतो. तपास करणे किंवा गेलेल्या वस्तूची भरपाई देणे त्याच्या अधिकारात येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून अशा अडचणींची नोंद करता येते.

घरातल्यांनी पीडित माणसाशी कसे वागावे, हाही या विषयाचाच भाग आहे. अनेक ज्येष्ठ स्त्रिया दागिना गेल्याचे लाजेने किंवा भीतीने लपवतात आणि त्यामुळे तक्रार उशिरा होते. आईने दिलेली पाटली किंवा लग्नातले गंठण गेल्याचे दुःख वजनात मोजता येत नाही. त्यावर बोल लावण्याऐवजी तिला धीर देणे आणि त्याच दिवशी पोलिसांकडे सोबत जाणे आवश्यक आहे. चोरी हा चोराचा गुन्हा आहे, जिच्या गळ्यातला दागिना गेला तिचा नाही.